डार्क मोडने बॅटरी वाचते का? पिग्मीच्या फेरीतला सात महिन्यांचा अनुभव

मी बेळगावात पिग्मी, म्हणजे लोकांची रोजची छोटी बचत, दारोदार फिरून गोळा करतो. शहापूर खडेबाजारापासून वडगावच्या विणकरांच्या मागांपर्यंत रोज शंभर-सव्वाशे गिऱ्हाइकं. हातात क्रेडिट सोसायटीचं ॲप, कमरेला ब्लूटूथ प्रिंटर. १९२८ पासून कर्नाटकात चालत आलेली पिग्मी वहीवर होती तोवर हा प्रश्नच नव्हता. आता फोन बंद पडला की वसुली थांबते, त्यामुळे बॅटरीचा टक्का हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे.

गेल्या पावसाळ्यात जुना फोन दुपारी बारालाच मान टाकायला लागला. सर्व्हिस सेंटरला नेला. काउंटरवरच्या मुलाने तो उघडूनसुद्धा बघितला नाही. "डार्क मोड लावा, दीडपट चालेल," म्हणाला आणि तपासणीचे २५० रुपये घेतले. दोन महिने काळ्या पडद्यावर डोळे ताणले. माझ्या चष्म्याला सिलिंडरचा नंबर आहे, काळ्यावरची पांढरी अक्षरं फुटल्यासारखी दिसतात, तरी सोसलं. फरक काहीच नाही. परत गेलो तर म्हणे "तुमचा वापरच जास्त आहे." तेव्हा माझा आवाज चढला, आणि चढायलाच हवा होता.

कारण तो फोन एलसीडीचा. एलसीडीत पडद्यामागे दिवा सतत जळत असतो. काळा रंग दाखवायचा म्हणजे पुढून फक्त प्रकाश अडवायचा, दिवा काही विझत नाही. मग बॅटरी वाचणार कुठून? हे मला कळलं एका रात्री. पाऊस कोसळत होता, लाईट गेलेली. फोनवर नुसता काळा फोटो पूर्ण पडदाभर उघडला, तर समोरच्या भिंतीवर राखाडी उजेड! काळ्या फोटोच्या उजेडात मला भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं. फोन दुरुस्तीला बसलेल्या माणसाला एवढं माहीत नसावं, याचा राग अजून जात नाही.

दिवाळीत ॲमोलेड पडद्याचा फोन घेतला, मुद्दाम याच हिशोबाने. यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि काळा असेल तिथे विझतो. तोच फोटो अंधारात उघडला, तर हातातला फोन दिसेना. त्या दिवशी मी भेटेल त्याला डार्क मोड लावायला सांगत सुटलो होतो.

मग वहीत नोंदी ठेवल्या आणि माझंच मत बदललं. संध्याकाळी घरी, ब्राइटनेस पावभर, एक आठवडा पांढरा आणि एक आठवडा काळा. फरक एक-दोन टक्क्यांच्या वर गेलाच नाही. शोधल्यावर अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाची २०२१ ची मोजणी सापडली. ओएलईडी फोनवर (ॲमोलेड हा त्यातलाच प्रकार) ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असेल तर डार्क मोडने सरासरी ३ ते ९ टक्केच वीज वाचते. पूर्ण १०० टक्के ब्राइटनेसला मात्र ३९ ते ४७ टक्के. म्हणजे घरात बसून फोन बघणाऱ्याला जवळजवळ काही नाही, आणि खरा फायदा माझ्यासारख्या उन्हात फिरणाऱ्याला. कारण भर उन्हात पडदा आपोआप पूर्ण उजळतो.

पण माझी फेरी ज्या ॲपवर चालते ते पांढरंशुभ्र! फोनला डार्क मोड लावला तरी ते पांढरंच राहतं. चार तास उघडं असतं तेच, बाकी ॲप काळी असून मला काय उपयोग? मग फोनच्या सेटिंगमधल्या डेव्हलपर ऑप्शनमध्ये जाऊन जबरदस्तीने सगळी ॲप काळी करायची सोय चालू केली. आणि खरंच, नऊ ते एकच्या फेरीत जिथे चाळीस टक्के संपायचे तिथे तीस संपले. आठवडाभर पॉवर बँक घरीच ठेवून गेलो.

आठव्या दिवशी वडगावात एका मागवाल्या मामांनी पावती परत माझ्यासमोर धरली. "शंभर दिलोय की ओ, हजार कसं काय छापून आलं?" रकमेच्या चौकटीतले आकडे काळपट करडे, मागची चौकट काळी, वरून ऊन. एक शून्य जास्त पडलेलं मला दिसलंच नव्हतं. मामा प्रामाणिक म्हणून निभावलं, नाहीतर नऊशे रुपये माझ्या खिशातून भरावे लागले असते. तिथेच मागाच्या खडखडाटात उभं राहून ती सोय बंद केली.

आता ॲप पांढरं, बाकी फोन काळा. दुकानात शिरलो की ब्राइटनेस हाताने निम्म्यावर आणतो, पावती निघाली की पडदा लगेच बंद. चाळीसचे पस्तीस झालेत. पॉवर बँक पुन्हा पिशवीत आहे.

सोसायटीत लेखी अर्ज दिलाय: ॲपला काळी थीम द्या, पण रकमेचे आकडे मोठे, ठळक आणि पांढरे ठेवा. मॅनेजर साहेबांनी ॲपवाल्यांकडे पाठवतो म्हणून सांगितलंय. दर सोमवारी विचारतो.