एल्व्ज, गॉब्लिन की फेअरी? पॉपरमध्ये जमातीचा डेक निवडताना

मॅजिक द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळात जमातीचा डेक, म्हणजे एल्व्ज किंवा गॉब्लिन अशा एकाच जातीच्या पात्रांचा गठ्ठा, बांधायची हौस खेळाइतकीच जुनी. लॅनोवार एल्व्ज १९९३ च्या अगदी पहिल्या संचात होते आणि "माझ्याकडे सगळे एल्व्जच हवेत" म्हणणारे खेळाडूही तेव्हापासूनच आहेत. हौस ठीक आहे. पण त्याच डेकने स्पर्धेत फेऱ्या जिंकायच्या असतील तर गणित बदलतं. एका जमातीचे साठ पत्ते गोळा केले की संग्रह होतो, डेक होतोच असं नाही. त्या पत्त्यांनी एकमेकांना मोजलं पाहिजे, एकमेकांच्या जिवावर मोठं झालं पाहिजे. नाहीतर एक ना धड भाराभर चिंध्या.

ही तुलना पॉपर फॉरमॅटपुरती आहे. कधीतरी 'कॉमन' (सहज मिळणारा) म्हणून छापला गेलेला पत्ताच इथे चालतो. २०१९ मध्ये खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने छापील आणि ऑनलाइन खेळाची यादी एक करून पॉपरला अधिकृत मान्यता दिली. बाकी नियम नेहमीचेच: किमान ६० पत्ते, साधे लँड (माना, म्हणजे पत्ते उतरवायची ऊर्जा, देणारे पत्ते) सोडले तर एका नावाचे जास्तीत जास्त ४, साइडबोर्ड (गेमच्या मधे बदलायचे राखीव पत्ते) १५, सुरुवातीला २० लाइफ. भारतात बसून सुटे पत्ते बाहेरून मागवणाऱ्याला हा फॉरमॅट परवडतो, यात शंका नाही. कित्येकदा पत्त्यांपेक्षा टपालखर्चच जास्त येतो.

जमाती बऱ्याच आहेत, पण निवड बहुतेकांची या तिघांतच अडते. तिघांमधला मुख्य फरक आधी सांगतो. एल्व्जमध्ये जमात हेच इंजिन आहे. गॉब्लिनमध्ये जमात म्हणजे दारूगोळा, जाळायचाच असतो. आणि फेअरी डेकमध्ये फेअरी साठातल्या जेमतेम आठ-बारा असतात. बाकीचा डेक निळ्या रंगाचे उत्तम पत्ते आणि नुसती साथ.

एल्व्ज: हिशेब जमला तर कुणाच्या हाती लागत नाहीत

एका नावाचे चारच पत्ते हा नियम एल्व्जनी गमतीने वळसा घालून पार केलाय. लॅनोवार एल्व्ज, फिन्डहॉर्न एल्व्ज आणि एल्व्हिश मिस्टिक ही नावं तीन, काम मात्र तंतोतंत एकच: एका मानाचा १/१ (ताकद एक, टिकाव एक) एल्फ, टॅप केला, म्हणजे वापरून आडवा केला, की एक हिरवा माना. म्हणजे एकच पत्ता बारा वेळा. साठ पत्त्यांत बारा असतील तर सुरुवातीच्या सात पत्त्यांत त्यातला निदान एक येण्याची शक्यता सुमारे ८१ टक्के. चारच असते तर ती ४० टक्क्यांवर आली असती. जमातीच्या डेकमध्ये सातत्य कुठून येतं, ते या एका आकड्यात दिसतं.

आता खरी मजा. पहिल्या टर्नला फॉरेस्ट (हिरवा माना देणारा लँड) आणि लॅनोवार. दुसऱ्या टर्नला दुसरा फॉरेस्ट. तीन माना मिळाले, त्यात प्रीस्ट ऑफ टायटेनिया आणि आणखी एक माना देणारा एल्फ. प्रीस्ट टॅप केली की टेबलावर जितके एल्व्ज तितके माना देते. तिसऱ्या टर्नला हातात नवा लँड नाही असं धरू. एक फॉरेस्ट टॅप करून क्विरियन रेंजर उतरवा. आता एल्व्ज चार. प्रीस्टचे चार माना घ्या. मग तोच टॅप झालेला फॉरेस्ट रेंजरच्या क्षमतेने हातात परत घ्या, त्या बदल्यात प्रीस्ट अनटॅप होते, म्हणजे पुन्हा वापरता येते. पुन्हा चार. हातात आलेला फॉरेस्ट त्या टर्नचा लँड म्हणून परत खाली ठेवा, एक. दुसरा फॉरेस्ट आणि दोन छोटे एल्व्ज मिळून तीन. एकूण बारा माना, तिसऱ्या टर्नला, दोन लँडवर. समोरचा अजून आपला तिसरा लँड कुठला टाकावा याचा विचार करत असतो.

हे बारा माना खर्च कशावर करायचे? लीड द स्टँपीडवर. वरचे पाच पत्ते बघा, त्यातले हवे तितके क्रीचर (लढणारी पात्रं) हातात घ्या. डेकमध्ये ३३ क्रीचर असतील तर सरासरी पावणेतीन पत्ते हाती येतात, आणि त्यासाठी मोजायचे फक्त तीन माना. लिस अलाना हंट्समास्टर खाली असेल तर पुढच्या प्रत्येक एल्फ स्पेलमागे (उतरवलेल्या एल्फ पत्त्यामागे) एक एल्फ टोकन, म्हणजे पत्ता न लागता येणारा एल्फ, फुकट. शेवट टिंबरवॉच एल्फ करतो: एखाद्या क्रीचरला एल्व्जच्या संख्येइतकी ताकद देतो, आणि रेंजर त्याला अनटॅप करून तेच दुसऱ्यांदा करायला लावते. वेलविशर असेल तर आगीचे (थेट डॅमेज मारणारे) डेक खेळणाऱ्यांनी हात जोडावेत. सहा एल्व्ज म्हणजे एका टॅपला सहा लाइफ.

पण डोक्याला ताप आहे. कोणता एल्फ या टर्नला आला (तो लगेच टॅप होत नाही), कोणता आधीचा, रेंजर या टर्नला वापरली का (टर्नमध्ये एकदाच चालते), किती माना उरले, हे सगळं मोठ्याने बोलत खेळावं लागतं. फेरी साधारण ५० मिनिटांची असते. संथ हाताच्या माणसाने एल्व्ज घेतले तर जिंकत आलेला तिसरा गेम बरोबरीत सुटू शकतो. शिवाय समोरच्याने पहिल्याच टर्नच्या लॅनोवारवर लाइटनिंग बोल्ट (डॅमेज देणारा लाल पत्ता) मारला तर नाक मुरडू नका, तो बरोबरच खेळतोय.

गॉब्लिन: लवकर सुरू, लवकर संपलं

गॉब्लिनचे कामाचे बरेच पत्ते २००२ च्या ऑनस्लॉट संचातले: गॉब्लिन स्लेडर, स्कर्क प्रॉस्पेक्टर, स्पार्कस्मिथ. यातला स्लेडर मला सगळ्यात आवडतो. एक गॉब्लिन बळी द्या, कुठल्याही क्रीचरला त्या टर्नपुरतं +१/+१. समोरच्याने ज्याच्यावर नेम धरलाय तोच गॉब्लिन बळी दिला की त्याचा वार हवेत जातो आणि आपला दुसरा गॉब्लिन मोठा होतो.

चांगला हात आला तर असा चालतो: पहिल्या टर्नला स्लेडर, दुसऱ्याला मॉग वॉर मार्शल. मार्शल येताना एक टोकन आणतो, मरतानाही एक देतो. तिसऱ्या टर्नच्या सुरुवातीला त्याचा एको (टिकवण्यासाठी पुन्हा भरायची किंमत) भरायचा नाही, मरू द्यायचं. आता स्लेडर आणि दोन टोकन. तीन मानांत एक स्वस्त १/१ गॉब्लिन आणि वर किकर (जादा किंमत) भरून गॉब्लिन बुशव्हॅकर. पाच जण, प्रत्येकाला +१/+० आणि हेस्ट (आल्याआल्या वार करायची मुभा), म्हणजे १० डॅमेज. समोर ब्लॉकर नसतील तर निम्मं लाइफ तिसऱ्याच टर्नला गेलं.

गॉब्लिन मेट्रन हवा तो गॉब्लिन शोधून आणते म्हणून डेक थोडा लांबपर्यंतही खेळतो, पण फार लांब नाही. सहाव्या-सातव्या टर्नला नुसता एक स्लेडर हाती आला की काय करायचं याला उत्तर नसतं. शिकायला मात्र तिघांत सगळ्यात सोपा. आणि फेरी लवकर संपल्यामुळे चहा प्यायला वेळ मिळतो, ही स्पर्धेच्या लांबलचक दिवसात लहान गोष्ट नाही.

फेअरी: जमात कमी, जिंकणं जास्त

इथला राजा पत्ता स्पेलस्टटर स्प्राइट. दोन मानांची १/१, उडणारी, समोरच्याच्या टर्नलाही उतरवता येणारी. आली की आपल्या फेअरी जितक्या, तितक्या किंवा त्याहून कमी किमतीचा एक स्पेल रद्द करते. तिच्या जोडीला फेअरी सीअर. मग आयत्या बिळावर नागोबा यावा तसा निंजा येतो: उडत जाऊन ब्लॉक न झालेली फेअरी हातात परत घ्यायची आणि तिच्या जागी निंजा ऑफ द डीप अवर्स ठेवायचा. तो मारतो, एक पत्ता ओढून देतो, आणि हातात परत आलेली स्प्राइट पुढचा स्पेल अडवायला पुन्हा तयार. काळ्या रंगाची जोड दिली की स्नफ आउट मिळतो: स्वॅम्प (काळा माना देणारा लँड) असेल तर ४ लाइफ देऊन, एकही माना न खर्चता, समोरचं काळं नसलेलं क्रीचर उडवायचं.

स्प्राइटची मेख लक्षात ठेवा. मोजणी पत्ता उतरताना होते तशी क्षमता प्रत्यक्ष लागू होतानाही होते. एकटी स्प्राइट असताना समोरच्याने तेवढ्यात तिलाच मारलं तर मोजायला फेअरी उरत नाही आणि त्याचा एक मानाचा स्पेल सुटतो. म्हणून आधी सीअर, मग स्प्राइट.

हा डेक शिकायला वेळ लागतो, कारण अर्धा खेळ समोरच्याच्या टर्नमध्ये असतो. आणि जमातीची हौस यात फारशी भागत नाही, हेही खरं. निंजा माणूस आहे, फेअरी नाही.

झाडू फिरला की कोण उभं राहतं?

माझ्या मते निवड इथे करावी. पॉपरमध्ये छोट्या क्रीचरवर एकदम झाडू फिरवणारे पत्ते प्रत्येक साइडबोर्डात असतात. इलेक्ट्रिकरीचा ओव्हरलोड (एकाऐवजी सगळ्यांना लागू करायची जादा किंमत) भरला की समोरच्या सगळ्या क्रीचरना एक-एक डॅमेज. ब्रेथ वेपन ड्रॅगन सोडून सगळ्यांना दोन देतो. क्रिप्ट रॅट्समध्ये जितका काळा माना ओताल तितकं डॅमेज, खेळाडूंनाही.

इलेक्ट्रिकरीने एल्व्जचा माना देणारा सगळा गोतावळा जातो, प्रीस्ट आणि रेंजरसकट. टिंबरवॉच १/२ आहे, हंट्समास्टर ३/३, ते उरतात. हातात लीड द स्टँपीड आणि खाली तीन लँड असतील तर एल्व्ज परत उभे राहतात. ते राखून ठेवण्यातच एल्व्ज खेळणाऱ्याचं कसब. ब्रेथ वेपननंतर मात्र सावरणं फार कठीण.

गॉब्लिनमध्ये मार्शल मेल्यावर येणारं टोकन झाडू फिरून झाल्यावर येतं, म्हणून वाचतं. बीटलबॅक चीफ २/२, तोही इलेक्ट्रिकरीतून सुटतो. पण हात रिकामा असतो, कारण सगळे पत्ते दोन-तीन टर्नमध्ये खाली टाकलेले असतात.

फेअरीचं वेगळंच. इलेक्ट्रिकरीचा ओव्हरलोड तीन मानांचा असला तरी पत्त्याची किंमत एकच धरतात. त्यामुळे एकटी स्प्राइटसुद्धा तो रद्द करते. क्रार्क-क्लॅन शामन हा दुसरा झाडू तर उडणाऱ्यांना लागतच नाही (आणि तो स्वतः गॉब्लिन आहे, हा आणखी एक विनोद). ब्रेथ वेपन अडवायला तीन फेअरी लागतात, किंवा सरळ काउंटरस्पेल (कुठलाही स्पेल रद्द करणारा पत्ता). क्रिप्ट रॅट्स एकदा टेबलावर आला की त्याची क्षमता मात्र स्प्राइटला रोखता येत नाही.

बंदीचाही विचार करा, पैसे घालण्यापूर्वी. मे २०१९ मध्ये गश, डेझ आणि गिटॅक्सियन प्रोब एकदम गेले, निळ्या डेकची कंबर मोडली. क्लाउड ऑफ फेअरीज त्याआधीच, २०१६ मध्ये. एम्प्टी द वॉरन्स २०१३ ला, कुल्डोथा रिबर्थ २०२५ ला. दोन्ही ढिगाने गॉब्लिन टोकन करणारे पत्ते. वर सांगितलेला एल्व्जचा कणा मात्र शाबूत आहे.

आता सरळ सांगायचं तर: फक्त जिंकायचंय आणि महिनाभर सराव करायची तयारी आहे, तर फेअरी. खेळ नवा आहे किंवा सोबत खेळायला दोघं-तिघंच आहेत, तर गॉब्लिन घ्या; त्यातले बोल्ट आणि माउंटन (लाल माना देणारे लँड) पुढे कुठल्याही लाल डेकला लागतात. जमातही हवी आणि स्पर्धाही, असा ज्याचा हट्ट असेल त्याने एल्व्जच घ्यावेत. स्लिव्हर जमातीकडे वळू नका; मसल स्लिव्हर आणि सिन्यू स्लिव्हर एकमेकांना वाढवतात छान, पण रंग दोन-तीन, लँड अडखळतात, आणि झाडू फिरल्यावर हात भरून देणारं काही नाही.

एल्व्ज घेणार असाल तर ऑर्डर करताना प्रीस्ट आणि रेंजर आधी बघा. त्या चार-चार मिळत असतील तरच बाकीची यादी पक्की करा, आणि साइडबोर्डचे पंधरा पत्तेही त्याच पार्सलमध्ये मागवा. वरच्या तिसऱ्या टर्नचा सराव तोवर घरी कागदाच्या चिठ्ठ्यांवर करता येईल. अधिकृत स्पर्धेत त्या चालत नाहीत, पण बारा माना मोजायची सवय हाताला लागते.