बेळगावातला रेडिओथेरपी विभाग: वृषणाच्या कॅन्सरसाठी कितपत चांगला?

शहरातल्या एका खाजगी रुग्णालयाचा हा विभाग. खानापूर, निपाणी, चंदगडकडची तरुण मुलं इथे येतात, म्हणून नीट लिहायला हवं.

सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे इथले डॉक्टर मशीनकडे पाठवण्याची घाई करत नाहीत. आधी काढलेल्या वृषणाचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच या रक्तातल्या कॅन्सरच्या खुणा बघतात. या कॅन्सरचे दोन मुख्य प्रकार, सेमिनोमा आणि नॉन-सेमिनोमा. रेडिएशनचा खरा उपयोग सेमिनोमाला, नॉन-सेमिनोमाला औषध लागलं तर केमो. रिपोर्टवर सेमिनोमा लिहिलंय पण त्या गाठीमुळे एएफपी वाढलंय, तर उपचार नॉन-सेमिनोमाचेच. सेमिनोमाच्या पहिल्या टप्प्यात, म्हणजे कॅन्सर वृषणाबाहेर पसरलेला नसताना, बहुतेकांना "फक्त लक्ष ठेवूया" सांगतात, तेच बरोबर आहे. पाचातल्या चौघांना ऑपरेशननंतर पुढे काही लागत नाही, आणि विशी-तिशीत पोटावर घेतलेल्या रेडिएशनने कित्येक वर्षांनी दुसरा कॅन्सर होण्याचा धोका वाढतो.

सेमिनोमा पसरून पोटामागे महाधमनीलगत 2 सेंमीपर्यंतच्या लसिकाग्रंथींच्या गाठी असतील तर साधारण 30 ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनच्या डोसचं माप), 15 वेळांत विभागून, सोमवार ते शुक्रवार. त्याहून थोड्या मोठ्या असल्या तर 36 ग्रेपर्यंत. बऱ्याच मोठ्या असल्या तर केमोच बरी.

टेबलावर उरलेल्या वृषणाला रेडिएशन लागू नये म्हणून ते शिशाच्या दोन पाकळ्यांच्या वाटीत ठेवून ती मिटतात. पहिल्या दिवशी हे छान करतात. गर्दीच्या दिवशी मात्र वाटी तिरकी बसते. लाज सोडा, रोज विचारा: "नीट मिटली का?"

दोन गोष्टी खटकल्या. वीर्य गोठवून ठेवण्याबद्दल प्लॅनिंग सीटीच्या (रेडिएशन कुठे द्यायचं ते आखण्यासाठीच्या स्कॅनच्या) दिवशी सांगतात. हे शक्यतो ऑपरेशनआधीच सांगायला हवं. दुसरं, ऑन्डानसेट्रॉन ही उलटीवरची गोळी "गरज लागल्यास" म्हणून लिहून देतात. पोटावरच्या रेडिएशनला ती तासभर आधीच घ्यायची असते, नाहीतर परतीच्या एसटीत उलट्या ठरलेल्या. गच्च जेवून येऊ नका आणि उपाशीही नको. दोन इडल्या पुरतात.

संमतीपत्र कन्नड आणि इंग्रजीत आहे. मराठीतून समजावतात खरं, पण सही करण्याआधी पूर्ण वाचून घ्या.

डिस्चार्ज कागदावर किती ग्रे आणि कुठल्या भागावर दिलं, हे लिहून मागा. फक्त महाधमनीलगतचीच पट्टी घेतली असेल तर ओटीपोट त्यातून सुटतं, आणि पुढच्या तपासण्यांत त्याचा सीटी करावाच लागतो.