कातळावर तळाचं गरवणं: कच्चा तंगूस आणि वेगवेगळी वजनं, एक पूर्ण सीझन वापरल्यावर

दसऱ्यापासून मे संपेपर्यंत फक्त बेट (आमिष) लावून तळाचं गरवलं, म्हणजे गळ तळाशी सोडून मासे धरले, रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीत, मिऱ्याकडच्या दगडांवर आणि गणपतीपुळ्याच्या बाजूच्या कातळांवर. यावेळी ठरवून एकच गोष्ट बघत होतो, की तळाला अडकतं ते नक्की काय. सगळे म्हणतात "गरी (गळाचा आकडा) लागली", पण बघायला गेलं तर जास्त वेळा शिसंच, म्हणजे खाली बांधलेलं वजन, अडकलेलं असतं. गरीवर कोळंबी नाहीतर माकुलाचा तुकडा असतो, त्याने टोक थोडं तरी झाकलेलं असतं, शिसं मात्र जड, लाट मागे गेली की ते घरंगळत जाऊन बरोबर भेगेत बसतं आणि आपण ओढू तसं अजून घट्ट होतं. म्हणून सगळी जोडणी एकाच हिशोबाने केली: शिसं गेलं तर जाऊदे, गरी, लीडर (मुख्य लाईनच्या टोकाचा जाड तंगूस) आणि मासा परत आला पाहिजे.

त्यासाठी वापरला कच्चा तंगूस, म्हणजे मुद्दाम कमी ताकदीची नायलॉनची दोरी. लीडर ४० पाउंड ताण सोसणारा, त्याच्या खालच्या टोकाला स्विवेल (फिरती कडी), आणि स्विवेलपासून शिशापर्यंत वीतभर १२ पाउंडचा साधा तंगूस. अडकलं की तो वीतभर तुकडा तुटतो, बाकी सगळं हातात. साधारण एक तृतीयांश ताकदीचा तंगूस मला योग्य वाटला, त्याहून जाड घेतला तर तुटायच्या वेळी गाठ दुसरीकडेच कुठेतरी सुटते. यातली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे मासा लागलेला असताना शिसं अडकलं तरी मासा जात नाही, शिसं तिथेच राहतं आणि मासा उलट हलका वर येतो. तांबोशी आणि गोबरा दोन्ही मी असे काढलेत आणि त्या एका गोष्टीसाठीच ही जोडणी मी आता सोडणार नाही.

पण रॉडने लांब फेकणाऱ्यांनी हे नीट वाचा. १२ पाउंडच्या तंगूसावर ८० ग्रॅम शिसं लावून जोरात कास्ट मारला तर शिसं सुटून गोळीसारखं जातं आणि कातळावर आजूबाजूला माणसं असतात. यावर उपाय म्हणजे स्टीलच्या तारेचा छोटा हुक, मी सायकलच्या स्पोकचा केला. हुक स्विवेलखाली मजबूत बांधायचा, शिशाचा वरचा डोळा त्यात अडकवायचा, कच्चा तंगूस बाजूला ढिला राहतो. फेकताना सगळा ताण हुकावर येतो, पाण्यात पडलं की ढील मिळते आणि शिसं हुकातून निसटून कच्च्या तंगूसावर लोंबतं. हुकाचा बाक जास्त असला तर निसटत नाही, कमी असला तर हवेतच निसटतं, त्यामुळे किनाऱ्यावर मोकळ्या जागी हळू फेकून बघा, मगच कातळावर न्या. हातगळवाल्यांना (रॉडशिवाय हातानेच दोरी टाकणाऱ्यांना) यातलं काहीच लागत नाही.

गरी कुठे बांधायची हे पण तितकंच महत्त्वाचं. कातळावर शिसं सगळ्यात खाली आणि गरी वर, शिशापासून हात-दीड हात अंतरावर लूप काढून त्यावर. गरीचा फाटा (गरी बांधलेला बाजूचा तंगूस) त्या अंतरापेक्षा आखूड ठेवायचा, म्हणजे तंगूस ताणलेला असेपर्यंत गरी तळाला पोचतच नाही, मी वीतभरच ठेवतो. एकच गरी, दोन नाही. दोन गरींनी मासे दुप्पट येत नाहीत पण अडकणं नक्की वाढतं. सर्कल हुक ३/० किंवा ४/० वापरली, टोक आत वळलेलं असल्याने दगडाला कमी लागते आणि माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसते. फक्त हिला झटका द्यायचा नाही, मासा ओढायला लागला की नुसतं रील करायचं, ही सवय लागायला वेळ लागतो. फाट्यावर जुन्या स्लिपरच्या फोमचा वाटाण्याएवढा तुकडा ओवला तर बेट थोडं वर तरंगतं आणि खेकडेही कमी खातात.

आता वजनांबद्दल. आरपार भोकाचं गोल शिसं कातळावर मला अजिबात आवडलं नाही, तेच सगळ्यात जास्त घरंगळतं. लांबट, वरती निमुळतं, दुधीच्या आकाराचं शिसं बरंच बरं. चपटं पसरट शिसं जोरात रील केलं की पाण्यात वर उचललं जातं, दगड उथळ असतील तिथे हे उत्तम, पण लाटेत एका जागी थांबत नाही. गॅरेजमधले जुने स्पार्क प्लग बरेच जण वापरतात, मी पण वापरले, फुकट मिळतात, खालचं वाकडं टोक पक्कडीने दाबून त्यातच तंगूस बांधता येतो, लांबट असल्याने भेगेतून सुटतातही. नटबोल्टच्या कडा मात्र अडकतात, ते नको.

दगडाबद्दल थोडं जास्त सांगतो कारण जुने लोक दगडच वापरायचे आणि त्यात तथ्य आहे. नदीतला गुळगुळीत गोटा, सायकलच्या ट्यूबच्या पट्टीत आवळून बांधायचा. फक्त हिशोब वेगळा. शिशाची घनता पाण्याच्या सव्वाअकरा पट, दगडाची जेमतेम पावणेतीन पट, त्यामुळे १०० ग्रॅम शिसं पाण्यात ९० च्या आसपास भरतं आणि १०० ग्रॅम दगड साधारण ६२. म्हणजे १०० ग्रॅम शिशाच्या जागी दीडशे ग्रॅम गोटा पाहिजे, आणि ४०-८० ग्रॅम वजन फेकण्यासाठीचा रॉड असेल तर तो गोटा फेकायच्या नादात रॉड जाईल. हातगळाला आणि पायाशीच सोडायला गोटा एक नंबर, गेला तर समुद्रात दगडच गेला, वाईट वाटत नाही.

शिशाचं मला खरंच वाईट वाटतं. ते विषारी आहे, ब्रिटनमध्ये हंस शिसं गिळून मरत होते म्हणून १९८७ मध्ये साधारण २८ ग्रॅमपर्यंतच्या शिशाच्या वजनांच्या विक्रीवर बंदी आली. आपल्याकडे लोक बारीक शिसं सर्रास दातांनी दाबतात, कृपया करू नका, आणि शिसं हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडू नका. घरात वितळवणं तर नकोच, ते ३२७ डिग्रीला वितळतं आणि साच्यात जरा ओल असली तर अंगावर उडतं. कच्च्या तंगूसाचा अजून एक फायदा इथेच आहे, तळाला वीतभर तंगूस राहतो, वावभर नाही. गावखडी, वेळासला ज्या किनाऱ्यांवर कासवं अंडी घालायला येतात तिथल्याच पाण्यात आपण गरवतो, याचा विचार पाहिजे.

खाडीत मात्र हे सगळं वेगळं. भाट्याला तळ रेती-चिखलाचा, तिथे कच्च्या तंगूसाची गरजच नाही, तिथे सरकतं शिसं (लाईनवर मोकळं सरकणारं) मस्त चालतं, करकरा आणि शिंगाळा मासा बेट घेऊन जातो तेव्हा त्याला वजन जाणवत नाही. उधाणाच्या ओढीत गोल शिसं वाहत जातं, तिथे पिरॅमिड किंवा तारांचे पाय असलेलं शिसं रेतीत रुततं. हेच तारांचं शिसं कातळावर टाकलं तर पहिल्या फेकीतच विसरायचं. भांगाच्या पाण्याला (अष्टमीच्या आसपासच्या लहान भरती-ओहोटीला) ओढ कमी असते तेव्हा निम्म्या वजनात काम होतं, आणि वजन जितकं कमी तितकं अडकणं कमी, म्हणून मी आधी हलकं टाकून बघतो, वाहायला लागलं तरच वाढवतो.

अडकलंच तर रॉड वाकवून झटके मारू नका. आधी ढील द्या, एक-दोन लाटा जाऊद्यात, मग दहा-पंधरा पावलं बाजूला जाऊन कोन बदलून ओढा, बऱ्याचदा एवढ्यानेच सुटतं. नाही सुटलं तर रॉड सरळ लाईनच्या रेषेत धरून, लाईन लाकडाच्या तुकड्याला गुंडाळून मागे चालत जा. ब्रेड (विणलेली बारीक लाईन) हाताला गुंडाळू नका, बोट कापतं. आणि गोबरा बिळात शिरला असेल तर ओढून उपयोग नाही, तो कल्ले फुगवून बसतो. लाईन पूर्ण ढिली सोडून चार-पाच मिनिटं हातच लावायचा नाही, लाईन हलायला लागली की लगेच जोर लावून वर, दुसऱ्यांदा शिरू द्यायचं नाही.