घरामागचं विटांचं वर्कशॉप: आठ महिन्यांनंतर, म्हणजे पाणी आत आल्यावर

परतीच्या पावसानं गेल्या आठवड्यात माझं वेल्डिंग मशीन भिजवलं, म्हणून आज लिहायला बसलोय. नाहीतर दिवाळीत फोटो टाकून मिरवणार होतो.

कराडजवळ, घराच्या मागच्या अंगाला, आतून 12 बाय 16 फूट. सहा कॉलम, चार इंची भिंत, वर रंगीत पत्रा, पुढं 8 फुटी शटर. फेब्रुवारीत पूर्ण झालं. दीड लाख ठरवले होते, 1 लाख 90 हजार गेले. लाइट फिटिंग स्वतः करूनही. जुन्या स्कूटर खोलायच्या आणि जोडायच्या, एवढाच माझा निवृत्तीनंतरचा उद्योग. आमच्या घरी त्याला ‘लोखंड कुरवाळणं’ म्हणतात.

आता मुद्दा. कोब्याचा, म्हणजे सिमेंटच्या जमिनीचा, उतार आतल्या बाजूला आहे. शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत सव्वा इंच. लेव्हलच्या, म्हणजे पाणी भरलेल्या, नळीनं तीनदा मोजलाय, दर वेळी सव्वाच. वाचताना किरकोळ वाटेल. हिशेब करा: सरासरी पाऊण इंचाहून कमी पाणी, पण 192 चौरस फुटांवर, म्हणजे साधारण 280 लिटर. आमची गच्चीवरची टाकी 500 ची आहे. निम्म्याहून जास्त टाकी मी मागच्या भिंतीशी साठवू शकतो, आणि गेल्या बुधवारी रात्री साठवली.

पाऊस नसतानाही हा उतार सुखानं जगू देत नाही. चेतकचं स्टेअरिंग खोललं की बेअरिंगचे छर्रे सुटे असतात. एक हातातून निसटला की टिक-टिक करत थेट मागच्या डाव्या कोपऱ्यात. ड्रिल मशीनच्या दोन पायांखाली पत्र्याच्या पट्ट्या. खुर्चीसुद्धा हळूहळू मागं सरकते. बायको चहा घेऊन आली की म्हणते, “अहो, मघाशी तर पुढं बसला होता.”

आठ महिने मी या उतारावरून मिस्त्रींच्या नावानं बोटं मोडली. शेवटच्या बिलातले दोन हजार अडकवून ठेवले, आणि भेटेल त्याला सांगितलं की या माणसाला काम देऊ नका.

बाकी काम चांगलं आहे, हेही सांगतो. जागा काळ्या मातीची. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळं मुरूम लागेपर्यंत खोदायचं असं ठरलं होतं. तीन फुटांवर लागला. तिथं पैसे वाचवले नाहीत आणि आजवर भिंतीला एकच केसाएवढी चीर आहे, खिडकीच्या कोपऱ्यात. विटा भट्टी चालू असतानाच घ्या. पावसात कच्ची वीट टिकत नाही, भट्ट्या बंद होतात आणि भाव चढतो. मी भट्टीवर जाऊन दोन-दोन विटा एकमेकींवर वाजवून बघितल्या. खणखणीत वाजली ती घेतली, भद्द वाजली ती बाजूला. भट्टीवाला वैतागला, पण 2,000 विटांत तुटफूट शंभराच्या आतच निघाली. लावण्याआधी विटा भिजवल्याच पाहिजेत, नाहीतर कोरडी वीट सिमेंट-वाळूच्या मालातलं पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. बांधकामाला दहा दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मीच मारलं. बिगारी वाचला.

चार इंची भिंतीबद्दल मात्र माझं मत दोनदा फिरलं. नऊ इंचीला दुप्पट विटा लागतात, म्हणजे आठ रुपयांनी सोळा हजार वाचले, म्हणून आधी खूश होतो. दर तीन फुटांवर सळई टाकून काँक्रीटचा पट्टा घेतलाय, भिंत हलत नाही. मग जुलै आला. पश्चिमेच्या भिंतीतून ओल आत आली आणि टांगलेले लोखंडी पाने आठवड्यात तांबूस झाले. पंधरा दिवस स्वतःलाच शिव्या दिल्या. पण दोष जाडीचा नव्हता. बाहेरून गिलावा न करण्याची काटकसर मी केली होती, ‘वीट उघडीच छान दिसते’ असं म्हणत. निळी ताडपत्री ठोकून पावसाळा काढला. आता तेवढ्या भिंतीला बाहेरून वॉटरप्रूफिंग घालून गिलावा करायचा. ते धरूनही नऊ इंचीपेक्षा स्वस्तच.

पत्र्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर आहेत, गळत नाही. एप्रिलमध्ये दुपारी आत बसणं मात्र अशक्य.

तर मशीन भिजल्यावर मिस्त्रींना बोलावलं. भांडायच्याच तयारीनं. ते आले, उकिडवे बसले, मागच्या भिंतीच्या बुडाशी बोट ठेवून म्हणाले, “मालक, हितं पाइप टाकायचा हुता की.”

आणि मला आठवलं. उतार कुठं सोडू, असं त्यांनी विचारलं होतं. मीच म्हणालो होतो, मागं सोडा, फरशी धुतली की पाणी मागच्या मागं जाईल. चार इंची पाइप ठेवायचा होता. नंतर लक्षात आलं की भिंतीपलीकडं शेजाऱ्यांची जागा आहे, पाणी तिकडं सोडता येणार नाही. पाइप मी रद्द केला, आठशे रुपये वाचले म्हणून खूशही झालो. तोवर कोबा झालेला होता.

अडकवलेले दोन हजार तिथंच दिले. त्यांनी मोजून खिशात घातले, काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

कोबा फोडून परत करायला अठरा हजार सांगतात. ते मी देणार नाही. शटरच्या बाहेर आडवी नाली, चार इंच रुंद, वर भंगारातल्या सळयांची जाळी, आणि शटरच्या आत पाऊण इंचाचा उंबरा, स्कूटर चढेल असा दोन्हीकडून उतरता. मजुरी आणि सिमेंट धरून 3,200. छर्रे कोपऱ्यात जायचे ते जाऊ देत, निदान शोधावे लागत नाहीत.

काल नालीचं काम सुरू झालं. मिस्त्रींनी सुतळी ताणली आणि माझ्याकडं न बघता विचारलं, “मालक, हिचा उतार कुठं?”

मी म्हटलं, “थांबा,” आणि नळीत पाणी भरायला गेलो.