आवरण असलेले आणि नसलेले चेतातंतू

जळगावकडे हिवाळ्यात कपाशीच्या काड्यांच्या जाळावर भरताची वांगी भाजताना बोटाला चटका बसला, तर आधी सुई टोचल्यासारखी कळ येते आणि जरा वेळाने रेंगाळणारी आग सुरू होते. या दोन वेदना दोन वेगळ्या चेतातंतूंतून, म्हणजे संदेश वाहून नेणाऱ्या चेतापेशींच्या धाग्यांतून, येतात: पहिली आवरण असलेल्या, तर दुसरी आवरण नसलेल्या तंतूतून.

संदेश निर्माण होण्याची रीत दोन्हींत एकच आहे. एरवी चेतापेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. उद्दीपन होताच सोडियमचे धन आयन (विद्युतभारित कण) आत घुसतात आणि पाठोपाठ पोटॅशियम बाहेर पडून मूळ स्थिती परत येते.

खरा फरक वहनात आहे. आवरण नसलेल्या तंतूत ही उलथापालथ तंतूच्या बाहेरच्या पातळ पटलाच्या प्रत्येक बिंदूवर नव्याने घडावी लागते, त्यामुळे वेग सेकंदाला साधारण १ मीटर इतकाच राहतो. मायलिनचे चरबीयुक्त आवरण असलेल्या तंतूत ती केवळ मधल्या उघड्या खाचांपाशी घडते, म्हणून पातळ आवरणाचा वेदनातंतूही सेकंदाला ५ ते ३० मीटर वेग गाठतो.

स्क्विड या समुद्री जीवाने आवरणाविना, तंतू अर्ध्या मिलिमीटरपर्यंत जाड करून वेग साधला, आणि त्याच तंतूवर हॉजकिन व हक्स्ली या शास्त्रज्ञांनी १९५२ मध्ये या संदेशाचे गणित मांडले. मात्र आपल्या मज्जारज्जूत इतके जाड लाखो तंतू मावले नसते, म्हणून मला आवरणाचा उपाय अधिक सरस वाटतो.

तरीही मंद तंतू निरुपयोगी नव्हे; त्याच्या रेंगाळत्या आगीमुळेच भाजलेले बोट आपण पुढे दिवसभर जपतो.