थंड जेलचे हातमोजे: घ्या, पण दोन जोड घ्या आणि पायाला विसरू नका

किमोत नखं वाचावीत म्हणून फ्रीझरमध्ये ठेवून घालायचे निळे जेलवाले हातमोजे ऑनलाइन मिळतात ना, त्यांचा हा रिव्ह्यू. कंपनीचं नाव लिहीत नाही, सगळे एकाच कारखान्यातून आल्यासारखे दिसतात. मी नऊशेला एक जोड घेतली, नंतर झक मारत दुसरी घेतली.

आधी सांगते घेतले का. माझे किमोतल्या पहिल्या, लाल रंगाच्या औषधाचे चार डोस झाले तोवर नखांना काही नव्हतं, केस गेले, तोंड आलं, पण नखं जागेवर. मग डोसिटॅक्सेल हे किमोचं पुढचं औषध सुरू झालं, दर तीन आठवड्यांनी एक असे चार. पहिल्या डोसनंतर पंधराएक दिवसांनी लसूण सोलायला बसले तर अंगठ्याच्या नखाखाली अशी कळ गेली की पाकळी हातातून उडाली. बघितलं तर नख मुळाशी तांबूस, कडेला पिवळट. गोळ्यांची स्ट्रिप फोडता येईना, साडीची पिन लागेना, आणि गंमत बघा, मळमळीची गोळी स्ट्रिपमध्येच, ती काढायला मुलाला हाक मारायची.

सिस्टर म्हणाल्या थंड मोजे घाला, डॉक्टरांनीही हो म्हटलं. कारण सोपं आहे, गारठ्याने बोटातल्या बारीक नसा आवळतात, रक्त कमी जातं, म्हणजे औषधही नखाच्या मुळाशी कमी पोचतं. भाच्याने शोधून दिलं की फ्रान्समध्ये 2005 साली 45 पेशंटना एकाच हातात असा मोजा घालून दुसरा हात तसाच ठेवला होता, मोकळ्या हाताच्या नखांना त्रास झाला 51 टक्के लोकांना आणि मोज्यातल्या हाताला 11 टक्के. एवढं वाचल्यावर नऊशे रुपयांचं काय घेऊन बसायचं.

आता वस्तू. पहिली खोट म्हणजे जेल तळहातात आणि हाताच्या पाठीवर भरपूर, आणि बोटांच्या टोकाला जिथे नख असतं तिथे पातळ! बनवणाऱ्याला नख कुठे असतं ते कुणी सांगितलंच नाही वाटतं. साइज एकच, माझा हात लहान, त्यामुळे टोकं आणखीच पोकळ राहायची. मी बोटं आत ढकलून वरून जुन्या दुपट्ट्याची पट्टी गुंडाळायचे, वेडी दिसायचे पण उपयोग व्हायचा. आत पातळ सुती मोजे घालाच, नाहीतर बर्फ थेट कातडीला लागून उलट इजा होते.

दुसरं म्हणजे गारवा. लिहिलंय दोन तास, प्रत्यक्षात पाऊण तासात कोमट भाकरीसारखे. औषध तासभर चालतं, त्याआधी पंधरा मिनिटं आणि नंतर पंधरा मिनिटं धरा, म्हणजे दीड तास, एक जोड पुरतच नाही. डे केअरच्या, म्हणजे किमो देतात त्या वॉर्डाच्या फ्रिजला फ्रीझर असेलच असं नाही, म्हणून दोन्ही जोड्या घरून न्यायच्या. कांजूरमार्गहून परळपर्यंत लोकलमध्ये अपंग आणि कॅन्सर पेशंटच्या डब्यात मी मांडीवर मासे आणायचा थर्माकोलचा डबा घेऊन बसायचे. एक बाई म्हणाली काय हो ताई, आज सुरमई वाटतं? फ्रीझरही तोच असल्याने दुसऱ्या डोसला मोज्यांना खरंच बोंबलाचा वास मारत होता, आणि किमोत वासाचं काय होतं ते सांगायला नको. तेव्हापासून झिपलॉकच्या दोन पिशव्यांत.

सुई कुठे टोचणार ते आधीच सिस्टरला सांगा. हाताच्या पाठीवर सुई असेल तर मोजा चढतच नाही, माझी वर कोपराखाली लावायला लागले तेव्हा जमलं. ज्यांना पोर्ट आहे, म्हणजे औषधासाठी छातीवर कातडीखाली बसवलेली डबी, त्यांचं काम सोपं.

आणि हे महत्त्वाचं. शेजारच्या खुर्चीतल्या काकांना ऑक्सॅलिप्लॅटिन हे किमोचं वेगळं औषध चालू होतं, त्यांच्या बोटांना सारख्या मुंग्या, त्यांना वाटलं आपणही घालून बघावे. मी द्यायलाच निघाले होते तर सिस्टर धावत आल्या, अजिबात नाही म्हणाल्या. त्या औषधात थंडीनेच त्रास वाढतो, फ्रिजमधली बाटली धरली तरी करंट लागल्यासारखं होतं. तेव्हा आपलं औषध कुठलं ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय उसने मोजे घालू नका.

निकाल? पायाचे मोजे वेगळे मिळतात, मी म्हटलं पाय कोण बघतंय, पैसे वाचवले. हाताची नखं काळपट झाली, आडव्या खाचा पडल्या, गल्लीत टाकतात तसे स्पीडब्रेकर, पण दहाच्या दहा टिकली. पायाच्या दोन्ही अंगठ्यांची नखं सुटली, एक तर सॉक्समध्येच निघून आलं. त्या फ्रान्सवाल्यांनी डाव्या-उजव्या हातावर केलं ते मी नकळत वरखाली करून बसले.

मोज्यांवरच सगळं टाकू नका. नखं बारीक कापलेली, पार्लर बंद, क्युटिकलला, म्हणजे नखाच्या मुळाशी असलेल्या कातडीला हात नाही, कारण रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी असताना कडेला पू झाला तर ताप येऊन ॲडमिट व्हायची पाळी येते. भांडी रबरी मोज्यात, आत सुती. रात्री व्हॅसलीन चोपडून झोपायचं.

एका मोज्याची शिवण तिसऱ्या वापरालाच उसवून जेल गळालं, विक्रेता म्हणाला बदलून द्यायची मुदत संपली. तीन आठवड्यांनी एकदा वापरायच्या वस्तूला दहा दिवसांची मुदत!

पाचपैकी साडेतीन. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, माझ्या खाचा आता टोकाशी आल्यात, पुढच्या कापण्यात जातील. पायाच्या अंगठ्याला वर्षभर तरी लागेल म्हणतात, तोवर पुढे बंद असलेल्या चपला.