पेन स्टेशनची मोठी प्रिंट : भुसावळमध्ये करून घेतलेल्या छपाई आणि फ्रेमविषयी

न्यूयॉर्कमध्ये १९१० साली सुरू झालेल्या मूळ पेनसिल्व्हेनिया स्टेशनच्या एका जुन्या छायाचित्राची २४ बाय ३६ इंचांची प्रिंट मी भुसावळमधील एका डिजिटल प्रिंटिंगच्या दुकानातून काढून घेतली आणि तेथेच तिला फ्रेम करवली. अशी जुनी छायाचित्रे मोठी करून घेण्याचा विचार असणाऱ्यांसाठी हा अनुभव लिहीत आहे.

डेट्रॉइट पब्लिशिंग कंपनीच्या काचेच्या निगेटिव्हवरून तयार केलेली मोठी फाइल अमेरिकेतील लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळते. छायाचित्रात वर लोखंडी कमानींवर पेललेले काचेचे छत आहे आणि खाली फलाटांकडे उतरणारे जिने आहेत. दुकानात पहिली प्रिंट निघाली तेव्हा सवयीने कॉन्ट्रास्ट वाढवला गेला होता. लांबून ती उठावदार दिसत होती. पण कमानींची बारीक जाळी काळ्या रंगात पूर्ण बुडाली होती. मी ती परत केली. दुकानातील तरुणाने जादा पैसे न मागता फाइल पुन्हा उघडली, माझ्यासमोर अर्धा तास बसून सावल्या उजळल्या आणि मॅट कागदावर दुसरी प्रिंट काढली. तिच्यात जाळीची पट्टी न् पट्टी सुटी दिसते.

हा आग्रह धरण्याचे कारण त्या इमारतीच्या इतिहासात आहे. मॅकिम, मीड अँड व्हाइट या वास्तुकारांनी तिचे प्रतीक्षागृह रोममधील कॅराकालाच्या स्नानगृहांवरून योजले होते; त्याचे छत सुमारे १५० फूट उंच होते आणि इमारतीच्या बाहेरच्या बाजूंना गुलाबी ग्रॅनाइटचे ८४ स्तंभ होते. महामार्ग आणि विमाने यांमुळे प्रवासी घटले, रेल्वे कंपनीचा तोटा वाढला, तेव्हा कंपनीने स्टेशनवरच्या जागेचे बांधकामाचे हक्क विकले. २८ ऑक्टोबर १९६३ रोजी पाडकाम सुरू झाले. पुढे तेथे मॅडिसन स्क्वेअर गार्डन उभे राहिले आणि ग्रॅनाइटचा बराचसा राडारोडा न्यू जर्सीतील दलदलीत टाकण्यात आला. जमिनीखालचे रूळ आणि फलाट मात्र राहिले, त्यांवरून आजही गाड्या धावतात. म्हणजे माझ्या भिंतीवरच्या चित्रातील जिने जेथे उतरतात ते फलाट अजून चालू आहेत आणि त्यांवरचे छत केवळ अशा छायाचित्रांत उरले आहे. तेच काळवंडले तर मग पाहायचे काय?

त्या पाडकामाने हळहळलेल्या न्यूयॉर्कने १९६५ साली वारसा वास्तूंच्या रक्षणाचा कायदा केला आणि १९७८ साली त्याच कायद्याच्या बळावर ग्रँड सेंट्रल स्टेशन सर्वोच्च न्यायालयात वाचले. आपल्याकडून मुंबईला जाणारा माणूस छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरतो, तेव्हा अशी वास्तू उभी असणे त्याला गृहीतच वाटते. मलाही वाटत असे.

फ्रेम सागवानी आहे, सांधे घट्ट बसले आहेत. कागद काचेला चिकटू नये म्हणून चारही बाजूंनी माउंट दिला आहे. भुसावळच्या मे महिन्यात त्याची गरज कळते. उणीव एकच : साध्या काचेवर समोरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडते, त्यामुळे रात्री चित्राचा वरचा भाग नीट दिसत नाही. चमक नसलेली काच आधीच मागून घ्यावी. काम सहा दिवसांत झाले आणि एकूण खर्च ३,२०० रुपये आला. दोन वेळा केलेली छपाई लक्षात घेता तो मला वाजवी वाटला.

फ्रेम आणायला गेलो तेव्हा पाचोरा-जामनेर नॅरोगेजचे, म्हणजे आपल्या पीजेचे, मी २०१८ साली शेंदुर्णी स्टेशनवर मोबाइलने काढलेले छायाचित्र सोबत नेले होते. २०२० पासून ती गाडी बंद आहे. फाइल लहान असल्यामुळे १२ बाय १८ इंचांपेक्षा मोठी प्रिंट काढू नका, असे दुकानदाराने स्वतःहून सांगितले. त्याच आकाराची प्रिंट काढायला मी सांगितले आहे, कॉन्ट्रास्ट न वाढवता.